‘मॅडम, यात सगळं चालतं’

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले, की कॅडसाठी (संगणकावर ड्रॉइंग आणि डिझाइन करण्यासाठी) लॅपटॉप कोणता घ्यावा हे विचारणारे फोन मला डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवून घेणाऱ्यांपेक्षा जास्त येतात. संपादकांनी ते मनावर घेतलं आणि या महिन्यात एकवीस पत्रं माझ्याकडे पाठवून दिली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार निवडली आहेत, आणि पाचव्याला मध्येच दोन ओळी. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपलं उत्तर यातच कुठेतरी सापडेल.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. भोसरीत माझी छोटी टूलरूम आहे. आम्ही प्रेस टूल्स, म्हणजे असेच साचे, करतो, डिझाइनला मी आणि दोन मुलं. १९९८ साली मी ऑटोकॅड रिलीज १४ शिकले, तेव्हा क्लासमध्ये दोघींत एक मशीन असायचं. एकीने माऊस धरायचा, दुसरीने कमांड टाइप करायच्या. तेव्हापासून अकरा संगणक विकत घेतले. त्यातले तीन चुकले. त्या तिन्ही वेळी दुकानदाराचं वाक्य एकच होतं, ते मी वर मथळ्यात दिलंय.

प्रश्न : ताई, मुलाला सरकारी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पासष्ट हजारांपर्यंत जमवलेत. दुकानदार म्हणतो आय-७ च घ्या. भाऊ म्हणतो गेमिंगचा चांगला, पण मुलाचे वडील म्हणतात गेमिंगचा आणला तर पोरगं वाया जाईल. आमच्या घराला लागूनच मागांची शेड आहे, त्याचा काही त्रास होईल का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही. आत्ता घेऊच नका. पहिल्या वर्षी मुलाला ड्रॉइंग शीट, मिनी ड्राफ्टर आणि नीट टोक केलेली पेन्सिल जास्त लागेल. कॅड साधारण पुढच्या वर्षांत येतं आणि कॉलेजात लॅब असते. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढंच विचारायला सांगा, की लॅबमध्ये कोणतं सॉफ्टवेअर चालतं आणि घरी लॅपटॉपवाचून कुणाचं अडलं का. वर्षभराने काय हवंय हे मुलगाच तुम्हाला सांगेल.

तरी घ्यायचाच असेल, तर ‘आय-७’ हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मेंदूचं, अर्धंच नाव आहे. नंबरच्या शेवटी कोणतं अक्षर आहे ते बघा. यू असेल तर तो प्रोसेसर बॅटरी वाचवायला आणि लॅपटॉप पातळ ठेवायला केलेला. एच किंवा एचएक्स असेल तर दमाचं काम करायला. यूवाल्या आय-७ पेक्षा एचवाला आय-५ कॅडमध्ये बहुतेक वेळा पुढे जातो, आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्येही तसंच, तिथे एचएस किंवा एचएक्स शोधा. दुकानदार स्टिकर दाखवेल. तुम्ही पूर्ण नंबर कागदावर लिहून मागा.

दुसरी फसगत कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या, आकड्याची. दहा कोअर, चौदा कोअर ऐकलं की वाटतं चौदापट काम होणार. पण थ्रीडी पार्टमध्ये आपण एखादं माप बदललं, की संगणक तो पार्ट पहिल्यापासून पुन्हा बांधतो : आधी ठोकळा, मग त्यात भोक, मग त्या भोकाच्या कडेला गोलाई. भोक पडल्याशिवाय कडेला गोलाई देता येत नाही. जॉब आधी लेथवर, मग मिलिंगवर, मग ड्रिलिंगवर जातो तसं. शेडमध्ये चौदा मशीन असली तरी एका वेळी जॉब एकाच मशीनवर असतो, बाकीची बघत बसतात. म्हणून डिझाइन करताना एका कोअरचा वेग महत्त्वाचा. चौदा कोअर कामाला येतात ते रेंडरिंगला (खऱ्यासारखं चित्र काढायला) आणि ॲनालिसिसला (पार्ट भार सोसेल का ते तपासायला). ते काम अंगणभर रांगोळी काढण्यासारखं. चौदा जणी चौदा कोपऱ्यांत बसल्या तरी चालतं.

आता गेमिंगचा विषय. मुलाच्या वडिलांना माझा निरोप द्या : ज्याला खेळायचंय तो मोबाइलवर खेळतोच आहे. तुमच्या बजेटमध्ये कॅडला लायक वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) आणि मोठा पंखा ज्यात मिळतो, तो लॅपटॉप गेमिंगच्याच रांगेत उभा असतो. फक्त त्यातही खोड आहे. एकाच नावाचं कार्ड कंपन्या वेगवेगळ्या ताकदीने चालवतात. आरटीएक्स ४०६० हे कार्ड एका लॅपटॉपात ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वॅटवर. डब्यावर नाव तेच! कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर हा वॅटचा आकडा दिलेला असतो. सापडला नाही तर तो लॅपटॉप सोडून द्या. डिप्लोमाच्या कामाला तुमच्या बजेटात मिळेल ते ४ किंवा ६ जीबीचं कार्ड पुरतं, त्याच्या वर उडी मारू नका.

रॅम १६ जीबी हवी, आणि ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम. पैसे कमी पडत असतील तर आज ८ ची एक चालेल, पण दुसरा स्लॉट रिकामा आहे ना हे खात्रीने विचारा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते. जी घेतली तीच शेवटपर्यंत. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, ५१२ जीबी असली तरी पुरे.

स्क्रीनसाठी दुकानदार काही बोलणारच नाही. माहितीत रंगांच्या आवाक्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर रंग फिके, धुतलेल्या साडीसारखे. पार्टचे रंग ओळखायला तेही चालतं, पण चार वर्षं बघायचंय. ‘१०० टक्के एसआरजीबी’ मिळाला तर घ्या. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट हवा, कारण ड्राफ्ट्समनचा अर्धा दिवस मापं टाइप करण्यात जातो. आणि माऊस साधाच, पण मधलं चाक दाबलं जाणारा. चाक फिरवलं की झूम, दाबून ओढलं की ड्रॉइंग सरकतं, दोनदा दाबलं की सगळं ड्रॉइंग पडद्यावर. टचपॅडवर कॅड करणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो कुठल्याही जाहिरातीत नसतो. हो, त्रास होईल. सुताची लव हवेत असते, लॅपटॉप खालून हवा ओढतो, आणि ती लव आतल्या जाळीवर गादीसारखी बसते. मग गरमी बाहेर जात नाही आणि प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. वर्षभराने ‘लॅपटॉप स्लो झाला’ अशी तक्रार घेऊन लोक व्हायरस शोधत बसतात आणि आत मूठभर कापूस निघतो. मुलाला गादीवर ठेवून काम करू देऊ नका, खाली स्टँड द्या, शेडच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी तळ उघडून साफ करून घ्या. त्यासाठी तुमच्याच गावात सर्व्हिस सेंटर असलेली कंपनी निवडा, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी मिळाली तर तिच्यावर थोडे जास्त पैसे घाला.

सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर कुणीतरी ‘क्रॅक’ करून देईल. ते घेऊ नका. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा दिला की ऑटोकॅड, इन्व्हेंटर, फ्यूजन फुकट वापरू देते, एक वर्षासाठी, पुढे दरवर्षी नव्याने.

प्रश्न : मॅडम, माझा पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने बनवतो. कास्टिंगचे थ्रीडी, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचे साचे), आता मेथडिंगसाठी, म्हणजे धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवायला, संगणकावर सिम्युलेशनही सुरू करायचंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुनी वर्कस्टेशन अर्ध्यापेक्षा कमी भावात मिळतात. नवीन गेमिंग घ्यावा की जुना वर्कस्टेशन?
– पॅटर्नवाला, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी माझी स्वतःची फजिती सांगते, कारण ती तुमच्या कामाला येईल.

२०१९ मध्ये मी एक दणकट गेमिंग लॅपटॉप घेतला. दुकानदाराने छाती ठोकून मथळ्यातलं वाक्य म्हटलं. पहिल्याच आठवड्यात चारशे पार्टची एक प्रोग्रेसिव्ह डाय (टप्प्याटप्प्याने पार्ट बनवणारी) उघडली आणि ती फिरवायला गेले, तर अडखळत अडखळत फिरे. वाटलं, डाय मोठी आहे. आठ महिने मी ग्राहकासमोर बसून ‘थांबा हं, लोड होतंय’ म्हणत होते. मग आमच्याकडे एक ट्रेनी पोरगा आला. त्याने टास्क मॅनेजर उघडलं. जीपीयू ० चा आलेख छतापर्यंत, आणि जीपीयू १, म्हणजे ज्याच्यासाठी मी पैसे मोजले होते ते कार्ड, शून्यावर झोपलेलं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात, एक प्रोसेसरमधलं हलकं आणि एक वेगळं; आणि माझं कॅड सॉफ्टवेअर आठ महिने हलक्यावर चालत होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथे आपलं सॉफ्टवेअर निवडून ‘हाय परफॉर्मन्स’ करायचं. दोन मिनिटांचं काम. पोरगा चहा घेऊन परत आला तोवर डाय भिंगरीसारखी फिरत होती. लाजेने मी त्याला त्या दिवशी लवकर घरी सोडलं.

तेव्हा नवा असो की जुना, हे आधी बघा.

वर्कस्टेशन म्हणजे व्यावसायिक कामासाठीचे लॅपटॉप : डेलचा प्रिसिजन, एचपीचा झेडबुक, लेनोव्होचा थिंकपॅड पी. यांतलं व्यावसायिक कार्ड गेमिंगच्या कार्डापेक्षा वेगवान असतंच असं नाही, किमतीच्या मानाने तर नसतंच. फरक ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. सॉफ्टवेअर कंपनीने ते कार्ड तपासून यादीत घातलेलं असतं, म्हणजे आतल्या कडा भलत्या ठिकाणी दिसणं, सिलेक्ट करताना रेषा गायब होणं, मध्येच सॉफ्टवेअर बंद पडणं हे प्रकार कमी. सॉलिडवर्क्समध्ये रिअलव्ह्यूसारख्या (पार्ट खऱ्यासारखा दाखवणाऱ्या) सोयी यादीतल्या कार्डावरच चालू होतात. पण तुमचं पॅटर्नचं काम एकेका पार्टचं आहे, हजार पार्टची असेंब्ली नाही. मी असते तर या यादीसाठी जीव टाकला नसता. इंजिनाचा अख्खा ब्लॉक कॅटियात उघडणाऱ्याने जरूर टाकावा.

जुन्यात मोठा खड्डा एकच आहे. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची असेल तरच विंडोज ११ अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अर्ध्यापेक्षा कमी भावात मिळणारे बरेचसे प्रिसिजन सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. दिसायला रणगाडा, पण दोन वर्षांत नवीन सॉफ्टवेअरच चढणार नाही. दुसरं, ही मशीन मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडलेली असतात. बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का, ते दुकानातच मशीन बंद-चालू करून बघा. चार्जर मूळचाच आणि पूर्ण वॅटचा हवा; कमी वॅटचा लावला तर काही मशीन चालतात, पण मुद्दाम हळू चालतात, आणि आपल्याला कारण कळत नाही. बॅटरी संपलेली असणारच हे धरून भाव करा.

आणि खरी परीक्षा दुकानातच. तुमचं सगळ्यात जड कास्टिंग पेनड्राइव्हवर घेऊन जा, ज्याच्या फिलेटला, म्हणजे कडांच्या गोलाईला, तुमच्या आत्ताच्या संगणकाला घाम फुटतो ते. सॉफ्टवेअरची ट्रायल घालायला सांगा, किंवा लायसन्स लॅपटॉपवर हलवता येत असेल तर तसं करा. फाईल उघडा, पाच मिनिटं फिरवा, एक मूळ माप बदलून रिबिल्ड करा आणि घड्याळ लावा. मग चार्जर काढून तेच पुन्हा करा, फरक बघून थक्क व्हाल. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. लॅमिंग्टन रोडवर करू देणारे आहेत, त्यासाठी शनिवारी संध्याकाळी जाऊ नका एवढंच.

सिम्युलेशनबद्दल मात्र मी तुम्हाला लॅपटॉपपासूनच परावृत्त करणार. धातू ओतल्यावर कुठे आधी गोठतो, रायझर (आकसताना लागणारा जादा धातूचा साठा) पुरतो का, हे गणित तासन् तास सगळे कोअर पूर्ण ताणून चालतं आणि रॅम खातं. लॅपटॉप तेवढा वेळ तापून स्वतःला आवरून घेतो. तेच पैसे ऑफिसातल्या डेस्कटॉपवर घाला, ३२ जीबी रॅम, पुढे ६४ करता येईल असा बोर्ड. आणि फाउंड्रीत ग्राहकासमोर मॉडेल फिरवून दाखवायला एखादा मध्यम लॅपटॉप.

बिल मात्र तुमच्या जीएसटी नंबरवर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या) नसाल तर तो तुमच्या भरायच्या करातून वजा होतो. संगणकावर घसारा ४० टक्के. ‘बिल नको, दोन हजार कमी करतो’ म्हणणारा तुमचाच तोटा करतोय, हिशोब घालून बघा.

प्रश्न : मी नगरपालिकेला सादर करायचे घरांचे नकाशे करतो. फक्त टूडी ऑटोकॅड. सहा वर्षांचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. फाईल उघडायला चहा पिऊन होतो. ७० हजारांचा नवीन बघून ठेवलाय. घेऊ का?
– ड्राफ्ट्समन, संगमनेर

उत्तर : नका घेऊ. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, आणखी ८ जीबी रॅम घाला, आणि उरलेल्या पैशांतून २४ इंची मॉनिटर घ्या. मान सुटेल. टूडीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही म्हटलं तरी चालेल.

पण मला संशय तुमच्या फाईलवर आहे. तुम्ही जुनीच फाईल कॉपी करून नवीन नकाशा काढता ना? आपण सगळेच काढतो. त्यात दहा वर्षांचे सोफे, झाडं, कमोड आणि दुसऱ्यांच्या लेअर चिकटून येतात. माझ्याकडे एकदा एका आर्किटेक्टची ३८ एमबीची फाईल आली होती. पर्ज आणि ओव्हरकिल या ऑटोकॅडच्या कमांड दिल्यावर ४ एमबी उरली. आधी ऑडिट (फाईलमधल्या चुका शोधतं), मग पर्ज (न वापरलेलं काढतं), तेही दोनदा, मग ओव्हरकिल. ते एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकतं. मूळ फाईलची प्रत ठेवूनच करा. आणि गुंठेवारीचा स्कॅन केलेला नकाशा खाली लावलेला असेल, तर काम झाल्यावर तो डिटॅच करा, म्हणजे फाईलपासून सोडवा.

जाता जाता ठाण्याच्या इंटिरिअर डिझायनर ताईंना दोन ओळी, त्यांचं पत्र लांब होतं पण प्रश्न छोटा : मॅकबुक घेऊ का? ऑटोकॅड, स्केचअप, राइनो, आर्किकॅड एवढंच असेल तर खुशाल घ्या, स्क्रीन सुंदर आहे. पण तुमच्या पत्रात रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स आहे, आणि ती दोन्ही विंडोजवरच चालतात. पूर्वी मॅकमध्ये बूट कॅम्पने विंडोज टाकता यायची, ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून ती वाट बंद झाली. दुसऱ्या खटपटी आहेत, पण सोमवारी सकाळी साइटवर ड्रॉइंग द्यायचं असताना खटपटी नकोत. विंडोजचे स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप स्वस्त आणि हलके दिसतील, त्यांचीही चिप वेगळी असते, म्हणून त्यांनाही हात लावू नका.

प्रश्न : मुली, मी ७४ वर्षांचा निवृत्त ड्राफ्ट्समन. सातपूरला एका कारखान्यात तेहतीस वर्षं ट्रेसिंग केलं, अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या प्रती) काढले. संगणकावर कधी रेघ मारली नाही. आता नातवासाठी लाकडी खेळणी करतो, ती थ्रीडीत काढायची हौस आहे. मुलाने वापरून टाकलेला ४ जीबीचा लॅपटॉप आहे. मुलगा म्हणतो, बाबा नवीन घेऊन देतो. घेऊ द्यावं का? आणि या वयात जमेल का?
– आजोबा, नाशिक

उत्तर : काका, अमोनिया प्रिंटचा वास वाचूनच नाकात आला. आमच्या कॉलेजात ते मशीन जिन्याखाली होतं, आणि तिथून जाताना श्वास रोखायचा नियम होता.

मुलाला आत्ता नवीन घेऊ देऊ नका. त्या लॅपटॉपात ४ जीबीची आणखी एक पट्टी घालायला सांगा. जुन्यात बहुधा जागा असते. त्यावर फ्रीकॅड टाका. फुकट आहे, कायमचं फुकट, आणि २०२४ च्या शेवटी त्याची १.० आवृत्ती आली तेव्हापासून पुष्कळ सुधारलंय. चाकं, आस आणि चार फळ्यांच्या खेळण्याला ते त्या मशीनवर चालेल. भाषांतराच्या यादीतून भाषा बदलता येते, पण शिकवणारे व्हिडिओ इंग्रजी नावांनी बोलतात, म्हणून इंग्रजीच ठेवा. आकृतीतल्या शब्दांपैकी निम्मे तुम्हाला आधीच येतात.

जमेल का विचारता, तर तुम्हाला माझ्या ट्रेनी पोरांपेक्षा लवकर जमेल. त्यांना कमांड येतात, पण पुढून, वरून आणि बाजूने पाहिलेल्या तीन आकृत्यांवरून वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तुम्ही तेच तेहतीस वर्षं केलंत. थ्रीडीत फक्त क्रम उलटा आहे : आधी वस्तू बनवायची, आकृत्या संगणक काढून देतो. सुरुवातीला चिडचिड होईल ती एकाच गोष्टीची. तिथे रेघ नुसती मारून भागत नाही, ती कशाला समांतर, कशाला चिकटलेली, किती लांब, हे सगळं सांगावं लागतं. न सांगितलेली रेघ ओढली की सरकते.

गाडीचं चाक आधी काढा. एक वर्तुळ, मध्ये आसाचं भोक, जाडी वीस मिलिमीटर, कडेला दोनची गोलाई. मग भोकाचं माप बदलून बघा, बाकीचं सगळं आपोआप कसं जुळतं ते. माऊस मात्र नवा घ्या, चाकवाला, आणि पडदा लहान वाटला तर मुलाला लॅपटॉप घरातल्या टीव्हीला केबलने जोडून द्यायला सांगा. चाक झालं की फाईल संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, मी उघडून बघते.